भुकेचं दार

फॅसिस्ट इटलीतून निसटून आलेला जीवशास्त्रज्ञ साल्वाडोर लुरिया १९४३ मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन इथे, इंडियाना विद्यापीठात नुकताच रुजू झाला होता. प्राध्यापकांच्या एका नाचाच्या संध्याकाळी तो स्लॉट मशीनशेजारी उभा होता. सहकारी नाण्यामागून नाणं घालत होता, यंत्र ते मुकाट गिळत होतं. आणि मग एका फेरीत एकदम नाण्यांचा खळखळाट झाला. लुरियाला त्या खळखळाटात आपल्या प्रयोगाची वाट सापडली. ई. कोलाय जीवाणूंवर फाज नावाचा विषाणू सोडला की जवळपास सगळे मरतात, थोडे तगतात. हे तगणारे विषाणू अंगावर आल्यावर शहाणे होतात, की आधीपासूनच योगायोगाने वेगळे असतात? योगायोग असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जीवाणूंमध्ये तगणाऱ्यांचे आकडे त्या यंत्रासारखे निघतील: बहुतेक नळ्यांत शून्य किंवा मोजके, एखादीत मात्र शंभराच्या वर. तसेच ते निघाले. मॅक्स डेलब्रुकने गणित मांडलं, निबंध त्याच वर्षी छापला गेला, आणि १९६९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पाठ्यपुस्तकं ही गोष्ट इथेच संपवतात. उत्परिवर्तन आधी, निवड नंतर, धडा संपला. पण त्या तगलेल्या जीवाणूंनी नेमकं गमावलं काय होतं, हा प्रश्न तसाच राहतो. विषाणूला पेशीत शिरायला तिच्या अंगावरचं एक विशिष्ट प्रथिन लागायचं, आणि तगलेल्यांमध्ये ते प्रथिन तरी बिघडलेलं होतं किंवा ते हलवणारी यंत्रणा तरी. विषाणूचं नाव टी-वन, म्हणून जनुकांना नाव पडलं ‘टॉन’: टॉन-ए आणि टॉन-बी. आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हे दार जर इतकं जीवघेणं, तर जीवाणूंनी ते कधीच बुजवून का टाकलं नाही?

उत्तर मिळायला तीन दशकं गेली. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत जे. बी. नीलँड्स आणि जर्मनीत फोल्कमार ब्राउन यांच्या गटांनी दाखवलं, की ज्या दाराला विषाणू चिकटतो, तेच दार लोखंड आत घेण्याचं आहे. ते बंद केलं तर विषाणूपासून सुटका होते, पण त्या वाटेने येणारं लोखंडही थांबतं.

रोगजंतूंविषयी बोलताना लढाईची भाषा आपल्या जिभेवर इतकी बसली आहे की ती भाषा आहे हेच विसरायला होतं. जंतू ‘हल्ला’ करतात, शरीर ‘प्रतिकार’ करतं, औषध ‘मारा’ करतं. या भाषेत एक गोष्ट निसटते: जंतू शरीरात येतो तो जेवायला. त्याची भूक कशाची आहे, ती भागवायला त्याने कुठली दारं उघडी ठेवली आहेत आणि त्यातली कुठली तो बंद करूच शकत नाही, हे कळलं तर आजाराचं आणि औषधाचं गणित बरंच वेगळं दिसू लागतं. विषापेक्षा भुकेचा अभ्यास अधिक फळ देईल, असं म्हणायला आज पुरेसा पुरावा आहे.

भूक लोखंडाचीच का? पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे पाच टक्के लोखंड आहे. त्याचा तुटवडा कसा पडेल? अडचण गंजाची आहे. ऑक्सिजन नसलेल्या आदिम समुद्रात लोखंड सुखाने विरघळलेलं असे. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि विरघळलेलं लोखंड गंजून तळाशी बसू लागलं. जगभरच्या पट्टेदार लोहखनिजाचे थर असेच साचले. डिचोली आणि सांग्याच्या खाणींनी ज्याच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या जहाजं भरली, ते गोव्याचं खनिजही याच जातीच्या खडकातलं. जीवसृष्टी लोखंडाच्या भरवशावर संसार मांडून बसली होती आणि तिच्याच एका शाखेने ते लोखंड दगडात कोंडलं.

किती कोंडलं, त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हवेशी संपर्क असलेल्या, आम्ल नाही की अल्कली नाही अशा पाण्यात लोखंडाचे पूर्ण सुटे फेरिक आयन लिटरमागे साधारण सहा लाख उरतात. एका ई. कोलाय पेशीला लागतात सुमारे एक लाख ते दहा लाख लोहअणू. म्हणजे लिटरभर पाणी गाळून सगळं सुटं लोखंड वेचलं, तरी त्यावर फार तर पाच-सहा जीवाणूंचं भागेल. आणि हा प्राणी असा, की खाणं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. माणसाच्या रक्तात तर परिस्थिती आणखी बिकट आहे. तिथे ट्रान्सफरिन नावाचं प्रथिन लोखंड इतकं घट्ट धरून ठेवतं, की समतोलाच्या हिशेबाने लिटरमागे एक पूर्ण सुटा आयनही वाट्याला येत नाही.

अशा दुष्काळात जीवाणू काय करतो? तो आपल्या अंगातून एक छोटा रेणू बाहेर सोडतो. तो रेणू लोखंड शोधतो, पकडतो, आणि लोखंडासकट परत आत घेतला जातो. या रेणूंना सायडरोफोर म्हणतात, ग्रीक अर्थाने ‘लोहवाहक’. नीलँड्सने १९५२ मध्ये एका काजळी रोगाच्या बुरशीतून फेरिक्रोम वेगळं काढलं, तेव्हापासून अशी शेकडो नावं यादीत आली. त्यांतलं सर्वांत नामांकित १९७० मध्ये दोन प्रयोगशाळांना एकाच वेळी सापडलं. एकीने त्याला एन्टरोबॅक्टिन म्हटलं, दुसरीने एन्टरोकेलिन. या रेणूच्या तीन हातांत लोखंडाचा एक अणू सहा बाजूंनी जखडला जातो. पकडीचा स्थिरांक १० चा ४९ वा घात. रसायनशास्त्रात इतकी घट्ट मिठी क्वचितच दिसते, आणि ती सोडवायला जीवाणूलाही सोपी नाही: आत आल्यावर एक विकर तो रेणूच तोडून टाकतं. नारळ फोडल्याशिवाय खोबरं नाही. एका लोहअणूसाठी इतक्या मेहनतीने घडवलेला रेणू मोडावा लागतो, यावरून या भुकेची तीव्रता कळावी.

आता दार. ई. कोलायसारख्या जीवाणूंना दोन आवरणं असतात आणि मध्ये एक अरुंद मोकळी जागा, जुन्या वाड्याच्या देवडीसारखी. बाहेरच्या आवरणात साधी भोकं असतात; साखर, मीठ, अमायनो आम्लं त्यातून आपापली येतात. पण या भोकांतून साधारण सहाशे डाल्टनपेक्षा मोठं काही जात नाही. लोखंड धरलेलं फेरिक्रोम किंवा एन्टरोबॅक्टिन सातशेच्या वर जातं. ब १२ जीवनसत्त्व तेराशे पंचावन्न. त्यांच्यासाठी खास दारं आहेत. टॉन-ए जनुकाने घडवलेलं दार आज एफएचयूए म्हणून ओळखलं जातं, आणि १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याची स्फटिकरचना मांडली. बावीस पट्ट्यांचं पिंप, आवरणात आरपार बसवलेलं. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण पिंपाच्या पोटात प्रथिनाचाच एक भाग बुचासारखा ठासून बसलेला निघाला. फेरिक्रोम वरून येऊन नीट बसलेलं दिसत होतं, बूच मात्र जागचं हललेलं नव्हतं.

मग ते उघडतं कसं? बाहेरच्या आवरणापाशी ना एटीपी, ना विद्युतभाराचा फरक. तिथे ऊर्जा म्हणून काही नाहीच. ती सगळी आतल्या आवरणापाशी. तिथे एक्सबीबी आणि एक्सबीडी ही प्रथिनं प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी एक मोटर बनवतात, आणि तिला जोडलेला टॉन-बी नावाचा लांब हात देवडी ओलांडून बाहेरच्या दारापर्यंत पोचतो. लुरियाच्या काही जीवाणूंमध्ये हाच हात तुटलेला होता. बाहेर माल लागला की बुचाची आतली शेपटी खाली लोंबते, टॉन-बी ती धरतो आणि ओढतो. खोल विहिरीतला पोहरा रहाटावरून ओढावा तसा. बूच अख्खं निघतं की थोडं उलगडतं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ब १२ च्या दारातलं बूच एकेका रेणूपाशी खेचून पाहणाऱ्या प्रयोगांत त्याचा थोडाच भाग उलगडला, आणि तेवढ्याने वाट झाली. पुढे देवडीतलं एक प्रथिन माल झेलतं आणि आतल्या आवरणातल्या एटीपीवर चालणाऱ्या पंपाच्या हवाली करतं.

इथे धातू आणि अन्न यांच्यात वाहन कोण आणि प्रवासी कोण, हे प्रत्येक वेळी वेगळं असतं. सायडरोफोरमध्ये अन्न म्हणजे धातूच, बाकीचा रेणू वाहन. बॅसिलस सब्टिलिस या मातीतल्या जीवाणूत उलट आहे. त्याला खायचं असतं सायट्रेट, म्हणजे लिंबातलं आम्ल. पण त्याचं सिट-एम हे प्रथिन नुसतं सायट्रेट घेत नाही, मॅग्नेशियमशी जोडी जमलेलं असेल तरच आत सोडतं. सिट-एच नावाच्या भावंडाला कॅल्शियमची जोडी लागते. सिट-एमला मॅग्नेशियमऐवजी निकेल, कोबाल्ट किंवा जस्त लावून आलेलं सायट्रेटही चालतं, त्यामुळे जेवणाबरोबर नको तो पाहुणाही घरात येतो. ब १२ मध्ये तर वेगळं काढायलाच जागा नाही; कोबाल्ट त्या रेणूच्या मध्यभागी गुंफलेला. डोरोथी हॉजकिनने १९५० च्या दशकात त्याची रचना उलगडली आणि १९६४ चं नोबेल तिला मिळालं.

ब १२ च्या बाबतीत माणूस आणि जीवाणू एकाच पंगतीत बसतात. हे जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती बनवत नाही, कुठलाही प्राणी बनवत नाही. ते फक्त काही जीवाणू आणि आर्किया बनवतात. ई. कोलायलाही ते मुळापासून बनवता येत नाही. आतड्यातल्या बहुतेक जीवाणूंना ते हवं असतं, बनवणारे थोडेच. बॅक्टेरॉइड्स थीटायोटायोमायक्रॉन या आतड्यातल्या रहिवाशाकडे त्यासाठी एक नव्हे, तीन दारं आहेत. शिवाय २०१८ मध्ये कळलं, की त्याच्या पृष्ठभागावरचं बीटीयूजी हे प्रथिन ब १२ इतकं घट्ट पकडतं, की माणसाच्या जठरातून ब १२ घेऊन आलेल्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाच्या हातातूनही ते हिसकावून घेऊ शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने परिसरातल्या खेड्यांमधल्या गर्भवतींचा अभ्यास केला तेव्हा निम्म्याहून बऱ्याच अधिक स्त्रियांत ब १२ कमी आढळलं. त्याचं मुख्य कारण शाकाहार आणि तुटपुंजं दूधदुभतं हेच. दोष आतड्यातल्या जीवाणूंवर ढकलणं बरोबर नाही. पण ताटात मुळातच कमी असेल तर पंगतीत आणखी कोण बसलं आहे, हे पाहायला हवं.

लोखंडाच्या बाबतीत शरीरही गप्प बसत नाही. १९४४ मध्ये आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन यांना दिसलं, की कोंबडीच्या अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकात जीवाणू वाढत नाहीत, आणि लोखंड घातलं की वाढतात. दोन वर्षांनी रक्तद्रवातही त्यांनी तेच दाखवलं. बलकात विष नव्हतं, उपास होता. पुढे कळलं, की आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन सोडतात, जे लोखंडासकट एन्टरोबॅक्टिनच पळवतं. त्यावर साल्मोनेलाने उपाय काढला: एन्टरोबॅक्टिनला साखरेचे रेणू चिकटवायचे, म्हणजे ते लिपोकॅलिनच्या मुठीत मावत नाही.

नायसेरिया कुळातले जीवाणू, म्हणजे परमा आणि मेंदुज्वराचे कर्ते, सायडरोफोर बनवायच्या फंदातच पडत नाहीत. त्यांचं दार थेट माणसाच्या ट्रान्सफरिनला धरतं आणि त्यातलं लोखंड उपटून घेतं. २०१४ मध्ये मॅथ्यू बार्बर आणि नेल्स एल्डी यांनी माणूस आणि इतर वानरवर्गीय प्राण्यांची ट्रान्सफरिन जनुकं शेजारी ठेवून पाहिली. लक्षावधी वर्षांत सर्वाधिक बदल नेमके त्या जागी झालेले निघाले, जिथे जीवाणूचं दार चिकटतं. माणसाच्या रक्तातल्या एका प्रथिनाचा आकार काही अंशी जीवाणूच्या भुकेने घडवला आहे. हल्ल्याच्या भाषेत हे वाक्य लिहिताच येत नाही.

हा उपास मोडला तर काय होतं, याची उदाहरणं अस्वस्थ करणारी आहेत. २००९ मध्ये शिकागोतल्या एका संशोधकाचा प्लेगने मृत्यू झाला. तो ज्या प्लेगच्या वाणावर काम करत होता तो मुद्दाम पंगू केलेला, लोखंड मिळवण्याचं त्याचं मुख्य साधन काढून टाकलेलं होतं. असा वाण माणसाचं काही बिघडवू शकत नाही अशी समजूत होती. शवविच्छेदनानंतर कळलं, की त्याला हेमोक्रोमॅटोसिस होता. या आनुवंशिक विकारात शरीरात लोखंड साचत जातं. जीवाणूने कमवायचं सोडलं होतं, तर घरच्यानेच कोठार उघडं ठेवलेलं.

दुसरं उदाहरण औषधाचं. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं आणि त्यातलं लोखंड यकृतात, हृदयात साठतं. आपल्याकडे उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना हा आजार चांगला ठाऊक आहे. साठलेलं लोखंड काढायला वर्षानुवर्षं जे औषध टोचलं गेलं, ते डेस्फेरिऑक्सामिन स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मिळालेलं, म्हणजे ते मुळात सायडरोफोरच. शरीरातलं लोखंड ते इमानाने उचलतं. पण येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका हा जीवाणू आणि म्युकरमायकोसिसची बुरशी यांना दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिता येतं. हे औषध चालू असलेल्या काही रुग्णांत या दोन्हींचे भयंकर संसर्ग झाले. हजारोंचे प्राण वाचवणारं औषध त्या दोन जंतूंना घरपोच डबा ठरत होतं.

मग लोहाच्या गोळ्यांचं काय? हा प्रश्न भारतात टाळता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया पांडुरोगी आहेत. शाळाशाळांत किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला निळी गोळी दिली जाते. दुसरीकडे सोमालियातल्या भटक्या लोकांवरचा १९७८ चा अभ्यास आहे: लोह दिलेल्या ७१ जणांत संसर्गाचे ३६ प्रसंग, न दिलेल्या ६७ जणांत फक्त ७. झांजिबारच्या पेम्बा बेटावर सुनील सझावल यांच्या गटाने हजारो लहान मुलांना लोह आणि फोलिक आम्ल दिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आला तो गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचा, आणि प्रयोगाचा तो भाग मध्येच थांबवावा लागला होता. यावरून गोळ्या बंद करा असं कोणी म्हणू लागलं तर ते अर्धं वाचून केलेलं विधान ठरेल. पेम्बातच ज्या मुलांना खरोखर लोहाची कमतरता होती आणि ज्यांच्या हिवतापावर लक्ष होतं, त्यांना लोहाने फायदाच झाला. दोष धातूचा नव्हता. कोणाला, कधी आणि कुठल्या संसर्गाच्या शेजारी तो दिला, हे न पाहण्याचा होता. आयव्हरी कोस्टमध्ये शाळकरी मुलांना लोहयुक्त बिस्किटं दिल्यावर २०१० मध्ये जे दिसलं तेही याच धर्तीचं: आतड्यात ई. कोलायचे भाईबंद वाढले, लॅक्टोबॅसिलस घटले. न शोषलेलं लोखंड वाया जात नाही, ते कोणाच्या तरी दारातून आत जातं. गोळ्या वाटून झाल्याचे आकडे कळवणाऱ्या कार्यक्रमाने हिवताप, जंत आणि अतिसार यांचा हिशेब त्याच वहीत ठेवायला हवा, इतकं तरी यातून नक्की निघतं.

भुकेचं दार शत्रूसाठीही उघडं राहतं हे माणसाच्या फार आधी निसर्गाने ओळखलं. एफएचयूएच्या एकाच दाराला टी-वन, टी-फाइव्ह आणि फाय-८० हे विषाणू चिकटतात, कोलिसिन-एम हे जीवाणूंनी एकमेकांवर सोडलेलं विषही तिथूनच शिरतं. अल्बोमायसिन हे प्रतिजैविक म्हणजे फेरिक्रोमसारख्या रेणूला बांधलेलं विष. सोव्हिएत रशियात १९५० च्या दशकात ते वापरलंही गेलं. जपानच्या शिओनोगी कंपनीचं सेफिडेरोकॉल हे त्याच युक्तीचं आधुनिक रूप. सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाला लोखंड धरणारा हात लावला, की उपाशी जीवाणू ते लोखंड समजून स्वतःच ओढून घेतो. अमेरिकेत २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या अनेक जीवाणूंवर ते चालतं.

पण इथे आक्षेप येतो आणि तो खरा आहे. जीवाणूला एकच दार नसतं. ई. कोलायमध्ये सेफिडेरोकॉल सीआयआरए आणि एफआययू या दारांतून जातं. सीआयआरए मोडलेले वाण रुग्णांमध्ये सापडू लागले आहेत, आणि हे दार गेल्यावर ते इतर सायडरोफोरवर गुजराण करतात. त्याशिवाय इतर औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या चाचणीत, विशेषतः ॲसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांत, या औषधाच्या गटात मृत्यू जास्त झाले. सहकाराचंही एक कोडं आहे. स्यूडोमोनास जीवाणूंच्या वस्तीत काही जण पायोव्हर्डिन हा सायडरोफोर बनवायचा खर्च न करता शेजाऱ्यांनी बनवलेलं वापरतात, आयत्या बिळावर नागोबा. २००४ च्या प्रयोगांत अशा फुकट्यांचं प्रमाण परिस्थितीनुसार चढतं-उतरतं दिसलं. म्हणजे एका पेशीचं दार बंद केलं तरी वस्तीचं दार बंद होतंच असं नाही. तरी लुरियाच्या नळ्यांपासून दिसत आलेला एक फरक उरतो. पेनिसिलिन तोडणारं विकर मिळवलं की जीवाणूला नफाच असतो. दार मोडलं तर मात्र काहीतरी द्यावं लागतं, आणि सगळी टॉन-बी दारं एकदम निकामी झालेला जीवाणू शरीरात फार कमी ठिकाणी जगू शकतो. औषधं शोधणाऱ्यांनी एकेक दार मोजण्यापेक्षा त्या सगळ्यांना ओढणाऱ्या हाताकडे अधिक पाहावं.

एका जंतूने मात्र लोखंडावरच पाणी सोडलं आहे. गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाचा जंतू बोरेलिया हा लोखंडाशिवाय वाढतो असं २००० मध्ये सिद्ध झालं. ज्या विकरांत इतर जीव लोखंड वापरतात ती त्याने टाकून तरी दिली आहेत किंवा तिथे मँगनीज बसवलं आहे. ट्रान्सफरिन, लिपोकॅलिन, सगळा उपासाचा बंदोबस्त त्याच्यापुरता निरुपयोगी. पण मग मँगनीज कुठून येतं? बीएमटीए नावाच्या एका पटल-प्रथिनातून. २००९ मध्ये ते जनुक मोडलेला बोरेलिया उंदरांना टोचला गेला, आणि एकाही उंदरात संसर्ग रुजला नाही.